संगीताचार्य हँडेल आणि डब्लिनचे कैदी

नाताळ जवळ आला म्हणजे आपल्याकडील कित्येक मंडळ्यांच्या गायकवर्गांत तालमी सुरू होतात, आणि ज्यांचा आवाज बरा अशा मुलामुलींना 'हालेलूया' या शब्दानें दुमदुमणारें तें प्रसिद्ध समूहगीत केव्हां ना केव्हां शिकावें लागतें. ज्यांनीं तें गाइलें आहे त्यांना त्यांतील अडचण सांगावयास नको. चार आवाज चार वाटांनीं निघतात, एकमेकांचा पाठलाग करतात, व एकानें क्षणभर मोजण्यांत चूक केली कीं सर्वच पथक अडखळतें. हें गीत ज्या मोठ्या रचनेंतील आहे तिचें नांव 'मसीहा', आणि तिचा कर्ता जॉर्ज फ्रेडरिक हँडेल. ती रचना पहिल्यानें कोठें, कोणीं व कशासाठीं गाइली, हें मात्र गाणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच माहीत असतें. म्हणून या संगीताचार्याचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

हँडेलचा जन्म २३ फेब्रुवारी १६८५ रोजीं जर्मनींतील हाल्ले या गांवीं झाला. त्यानंतर एका महिन्याच्या आंत, त्याच देशांतील आयसेनाख गांवीं योहान सेबास्टियन बाख जन्मला. युरोपीय संगीताच्या ज्या काळास बारोक काळ म्हणतात त्याचे हे दोन आधारस्तंभ. पण या दोघांची जन्मांत एकदांहि भेट झाली नाहीं. हँडेलच्या जन्माच्या वेळीं त्याचा बाप साठीच्या पुढें गेलेला होता. धंद्यानें तो हजाम व शस्त्रवैद्य होता. त्या काळीं हे दोन्ही धंदे एकाच हातीं असत. आई एका ल्यूथरपंथी पाळकाची कन्या होती. मुलानें कायदा शिकून प्रतिष्ठित व्हावें अशी बापाची इच्छा होती, व संगीताचें वेड त्यास मुळींच खपत नसे. पालकांनीं यावरून या वृद्ध गृहस्थास एकदम निर्दय ठरवूं नये. वादकाचें पोट दुसऱ्याच्या मर्जीवर चालतें हें त्यानें दरबारांत डोळ्यांनीं पाहिलें होतें.

मुलानें माळ्यावर एक लहानसें मंद आवाजाचें वाद्य लपवून ठेवलें व घर झोपल्यावर तो तेथें जाऊन वाजवीत असे, अशी एक गोष्ट हँडेलच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षीं छापलेल्या चरित्रांत आहे. ती खरी असो वा नसो, पुढें वाइसेनफेल्सच्या ड्यूकनें या बालकाचें ऑर्गनवादन ऐकिलें व बापाची समजूत घातली, तेव्हां घरांतील विरोध मावळला. हाल्ले येथील मोठ्या चर्चचा ऑर्गनवादक झाखाउ हा त्यास गुरु मिळाला. बाप १६९७ सालीं वारला. १७०२ मध्यें हँडेलनें विद्यापीठांत नांव घातलें खरें, पण पुढच्याच वर्षीं तें सोडून तो हँबुर्ग शहरीं ऑपेराच्या वाद्यवृंदांत जाऊन बसला.

तेथें त्याचा स्वभाव दिसून आला. मॅथेसन नांवाचा त्याचा एक मित्र होता. १७०४ च्या डिसेंबरांत मॅथेसननें स्वतः रचलेल्या ऑपेरांत भूमिका केली, व तींतील आपलें मरण उरकून घेतल्यावर तो वाद्यावर बसावयास आला. हँडेल जागचा हालेना. शब्दानें शब्द वाढला, दोघे बाहेर रस्त्यावर आले, आणि तलवारी निघाल्या. मॅथेसनची तलवार हँडेलच्या अंगरख्याच्या धातूच्या गुंडीवर आपटून मोडली म्हणून आज आपण त्याचें नांव घेत आहों! महिना संपण्यापूर्वीं हे दोघे पुन्हां एका पंक्तीस जेवूं लागले.

१७०६ ते १७१० हीं वर्षें त्यानें इटलींत काढलीं. गळ्यांतून निघणाऱ्या सुराची माया तेथेंच त्याला कळली. परत येतांच हॅनोव्हरच्या इलेक्टरानें त्याला आपल्या दरबारीं संगीतप्रमुख नेमिलें. पण हँडेल रजा काढून लंडनास गेला, १७११ मध्यें 'रिनाल्डो' या ऑपेरानें नांव मिळवून परतला, पुन्हां रजा काढून गेला, आणि या खेपेस परत यावयाचें विसरला. १७१४ सालीं हाच धनी पहिला जॉर्ज या नांवानें इंग्लंडच्या गादीवर आला! तरी फारसें कांहीं बिघडलें नाहीं. १७१७ च्या जुलैंत थेम्स नदीवर राजाच्या नौकेजवळ दुसऱ्या नौकेंत सुमारें ५० वादक बसवून हँडेलनें आपलें जलसंगीत ऐकविलें, व राजानें तें पुन्हां पुन्हां वाजवावयास लाविलें. १७२७ मध्यें हँडेल इंग्लंडचा नागरिक झाला.

पुढील काळ ऑपेराचा. ऑपेरा म्हणजे आदिअंतीं गाऊन करावयाचें नाटक. पोशाख, देखावे, यंत्रें, आणि इटलीहून आणिलेले महागडे गवई. या गवयांचीं भांडणें, सरदारांची गटबाजी, १७३३ मध्यें उभी राहिलेली प्रतिस्पर्धी कंपनी, या सर्वांत पैसा पाण्यासारखा गेला. १७३७ मध्यें ५२ व्या वर्षीं त्याला पक्षाघाताचा झटका आला व उजवा हात लुळा पडला. आखेनच्या ऊन झऱ्यांत स्नानें करून तो बरा झाला. मात्र लंडनच्या श्रोत्यांची आवड कांहीं बरी झाली नाहीं. १७४१ च्या आरंभीं त्याचा 'देइदामिया' हा ऑपेरा तीन प्रयोगांत आटोपला, व त्यानंतर त्यानें पुन्हां नवा ऑपेरा लिहिला नाहीं.

येथें एक गोष्ट लिहिणें मला कठीण वाटतें, पण ती गाळणें त्याहून वाईट होईल. आफ्रिकेंतून माणसें धरून गुलाम म्हणून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या भागांची हँडेलच्या नांवें देवघेव झाल्याची १७२० सालची नोंद आहे. त्या काळच्या अनेक धनिकांनीं व सरदारांनीं हेंच केलें होतें. तरी त्यांच्या करण्यानें त्याच्या करण्याचा काळेपणा कमी होत नाहीं. पुढें जो कैद्यांच्या मुक्ततेस कारण झाला त्याच्याच वहींत हा जमाखर्च आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवून पुढें वाचावें.

ऑपेरा बुडत असतां दुसरा एक प्रकार त्याच्या हातीं आला होता. १७३२ मध्यें 'एस्तेर' या रचनेंत पवित्र शास्त्रांतील कथा रंगभूमीवर अभिनयासह दाखवावयाचा बेत होता. पण चर्चच्या गायकांनीं नाटकगृहांत अभिनय करावा हें लंडनच्या बिशपास मान्य झालें नाहीं. तेव्हां पोशाख व हावभाव यांवांचून, गायकांनीं नुसतें उभें राहून गावें असें ठरलें. यासच ऑरेटोरिओ म्हणतात. आपल्याकडील कीर्तनाशीं त्याची थोडी तुलना करतां येईल, कारण कथा व पदें दोन्हींत आहेत. पण येथें निरूपण करणारा एक हरिदास नसतो, तर एकट्यानें गाणारे चारपांच गायक, त्यांच्या पाठीशीं मोठा गायकवृंद, आणि वाद्यवृंद. बंदीमुळें जें घडलें तेंच पुढें त्याच्या कीर्तीचा पाया झालें.

१७४१ च्या उन्हाळ्यांत चार्ल्स जेनेन्स नांवाच्या एका धनवान विद्वानानें त्याला एक संहिता दिली. तींत जेनेन्सचें स्वतःचें एकहि कवन नव्हतें. यशया, स्तोत्रें, शुभवर्तमानें, पौलाचीं पत्रें, प्रकटीकरण यांतील वचनें निवडून क्रमानें लाविलीं होतीं. २२ ऑगस्ट रोजीं हँडेल ब्रुक स्ट्रीटवरील आपल्या घरांत लिहावयास बसला आणि १४ सप्टेंबर रोजीं उठला. एकंदर २४ दिवस! या दिवसांत त्याला जेवणाची शुद्ध नव्हती, त्यानें स्वर्ग उघडलेला पाहिला, अशा कथा मागाहून पसरल्या. मला त्या सांगण्याचा मोह होतो, पण त्याचें हस्तलिखित पाहिलें तर शाईचे डाग, खोडाखोड व दुरुस्त्या जागोजाग आहेत. शिवाय त्यानेंच थोड्या दिवसांपूर्वीं इटालियन प्रेमगीतांसाठीं बांधलेल्या चाली त्यांतील कांहीं समूहगीतांस त्यानें बेलाशक वापरल्या आहेत. आणि एवढें काम झाल्यावर विश्रांति घ्यावी, तर लगेच 'सॅमसन' हा दुसरा ऑरेटोरिओ सुरू करून ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचाहि खर्डा पुरा केला. स्वर्ग उघडला कीं नाहीं तें देव जाणे. दौत मात्र सारखी उघडी होती.

त्याच सुमारास आयर्लंडचा व्हाइसरॉय, डेव्हनशरचा ड्यूक, याचें डब्लिनास येण्याचें निमंत्रण त्याला होतें. तो नोव्हेंबरांत निघाला, परंतु वारा प्रतिकूल असल्यानें चेस्टर गांवीं कांहीं दिवस अडकून पडला. तेथील शाळेंत शिकणारा चार्ल्स बर्नी या मुलानें त्याला कॉफीगृहांत धूम्रपान करतांना पाहिलें, व हाच मुलगा पुढें संगीताचा इतिहासकार झाल्यामुळें आपल्याला पुढील हकीकत कळते. हँडेलनें रिकाम्या वेळांत नव्या रचनेंतील गीतें तपासण्याकरितां गांवांतील गाणारे जमविले. त्यांत जॅन्सन नांवाचा एक छापखानेवाला खर्जांत गात असे. कागद पाहतांच गातां येतें असें त्यानें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत तो वारंवार चुकूं लागला. हँडेल चारपांच भाषांत शिव्या देऊन त्याच्यावर ओरडला, तेव्हां त्या बिचाऱ्यानें खुलासा केला कीं, पाहून गातां येतें हें खरें, पण पहिल्या पाहण्यांत येतें असें आपण म्हटलें नव्हतें. आमच्या गायकवर्गांत या जॅन्सनचे वंशज दरवर्षीं भेटतात.

१८ नोव्हेंबर १७४१ रोजीं हँडेल डब्लिनांत पोहोंचला. तेथें फिशँबल स्ट्रीट नांवाची एक जुनी गल्ली आहे. पूर्वीं तेथें मासळीबाजार भरे म्हणून तिला हें नांव पडलें. त्या गल्लींत नुकतेंच, ऑक्टोबरांत, एक नवें संगीतगृह उघडलें होतें. तें बांधण्यामागें जी संगीतमंडळी होती तिचा उद्देश करमणूक एवढाच नव्हता. कर्ज न फिटल्यामुळें तुरुंगांत पडलेल्या गरीब माणसांस सोडविणें हें तिनें आपलें काम मानिलें होतें. त्या काळचा कायदा असा विलक्षण होता कीं, ऋणकोस सावकाराच्या सांगण्यावरून कोंडून ठेवीत, आणि कर्ज फिटेपर्यंत सोडीत नसत. आंत राहून तो कमावणार कसा व फेडणार कसा, हा प्रश्न कायद्यानें विचारलाच नव्हता. उलट तुरुंगांतील खाण्यापिण्याचा व तुरुंगाधिकाऱ्याच्या फीचा बोजा त्याच्याच डोक्यावर चढे. बाहेर बायकामुलांची दशा काय होत असेल तें सावकाराचा उंबरठा ज्यांनीं पाहिला आहे त्यांना समजेल.

हँडेलनें प्रथम वर्गणीदारांसाठीं बारा कार्यक्रम केले व ते सर्व भरगच्च झाले. नंतर 'मसीहा'ची तयारी सुरू झाली. एकट्यानें गाणाऱ्यांपैकीं दोन स्त्रिया बाहेरून आल्या होत्या. बाकी सर्व मंडळी गांवचीच. डब्लिनांत ख्राइस्ट चर्च आणि सेंट पॅट्रिक अशीं दोन कॅथीड्रलें आहेत. त्यांतील पुरुष व मुलगे मिळून तीसबत्तीस गळे झाले. त्यांत बारातेरा वर्षांचे विद्यार्थी होते हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. व्हायोलिनवाला मॅथ्यू डूबूर्ग हा हँडेलचा जुना स्नेही वाद्यवृंदाच्या अग्रभागीं होता. तारवाद्यें, दोन तुताऱ्या, नगारे, ऑर्गन, बस. पुढें शेंकडों व हजारों लोकांनीं जें गाइलें तें पहिल्यानें एवढ्याशा मेळाव्यानें उभें केलें.

तेंहि सुखासुखीं झालें नाहीं. सेंट पॅट्रिकचा डीन होता जोनाथन स्विफ्ट. 'गलिव्हरचा प्रवास' लिहिणारा तोच. वार्धक्यानें व रोगानें त्याची बुद्धि ढासळत चालली होती. जानेवारीच्या अखेरीस त्यानें एकाएकीं हुकूम काढला कीं, आपल्या गायकांनीं फिशँबल स्ट्रीटच्या जमावांत पाऊल ठेवूं नये, व ठेवील त्यास शिक्षा होईल. दोन्ही कॅथीड्रलांचे गायक बहुतांशीं तेच असल्यानें एका हुकुमानें सगळा गायकवृंदच निकालांत निघण्याची वेळ आली. पुढें त्याचें मन वळविण्यांत आलें व परवानगी मिळाली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत स्विफ्ट यास आपला कारभार पाहण्यास असमर्थ ठरविण्यांत आलें. एका थोर बुद्धीच्या अस्तसमयाची ही कथा आहे; तिला हंसूं नये.

दोन गायिकांपैकीं सुझॅना सिबर ही लंडनची नटी. तिच्या नवऱ्यानें आपल्या स्वार्थासाठीं तिला दुसऱ्याच्या संगतींत लोटलें, आणि मागाहून त्याच कारणावरून फिर्याद करून तिची अब्रू न्यायालयांत व छापील चोपड्यांतून चव्हाट्यावर आणिली. ती तोंड लपवून कांहीं वर्षें रंगभूमीपासून दूर राहिली होती. तिचा आवाज लहान होता, व गायनशास्त्रांतहि तिची गति बेताचीच होती. तथापि तिरस्कारिलेल्या व टाकलेल्या ख्रिस्ताचें जें गीत आहे तें हँडेलनें तिच्याच मुखीं दिलें.

९ एप्रिल रोजीं तिकिटवाल्यांसमोर तालीम झाली, व मंगळवार, १३ एप्रिल १७४२ रोजीं दुपारीं पहिला प्रयोग झाला. तिकीट अर्ध्या गिनीचें होतें. जागा सुमारें ६०० माणसांची. त्या काळीं स्त्रिया कमरेखालीं वेतांचे वेढे घालून झगे फुगवीत, व पुरुष तलवार लटकावून फिरत. म्हणून वर्तमानपत्रांतून विनंति करण्यांत आली कीं, स्त्रियांनीं वेढ्यांवांचून व पुरुषांनीं तलवारीवांचून यावें, म्हणजे धर्मकार्यास आणखी शंभर माणसांचा पैसा मिळेल. लोकांनीं ती मानिली, व ७०० श्रोते दाटीवाटीनें बसले. फॅशनचा एवढा त्याग कोणत्याहि शहरांत सोपा नसतो! सिबर बाईचें तें गीत संपल्यावर डिलेनी नांवाच्या एका पाळकास राहवलें नाहीं. या गायनासाठीं तिच्या सर्व पापांची क्षमा होवो, अशा अर्थाचे उद्गार त्यानें भर सभेंत काढले असें सांगतात. त्याची पत्नी थोड्याच महिन्यांपूर्वीं वारली होती.

हँडेल, डूबूर्ग, दोन्ही गायिका व गायकवृंद यांपैकीं कोणीं त्या दिवसाचा एक पैसा घेतला नाहीं. सुमारें ४०० पौंड जमले व त्यांचे तीन सारखे वांटे झाले: एक मर्सर इस्पितळास, एक धर्मार्थ रुग्णालयास, आणि एक कैद्यांस. या तिसऱ्या वांट्यांतून १४२ ऋणको तुरुंगाबाहेर पडले. हिशोब केला तर माणशीं एक पौंडहि पडत नाहीं. त्या १४२ जणांपैकीं कोणीं ती रचना ऐकिली असेल असें वाटत नाहीं. अर्धी गिनी त्यांच्यापाशीं असती तर ते आंत कशाला गेले असते?

३ जून रोजीं दुसरा प्रयोग झाला; उकाडा होऊं नये म्हणून खिडक्यांच्या वरच्या कांचा काढून टाकण्यांत आल्या होत्या. ऑगस्टांत हँडेल लंडनास परतला. तेथें २३ मार्च १७४३ रोजीं 'मसीहा' झाला, पण नाटकगृहांत शास्त्रवचनें गावीं यावर धर्मनिष्ठ लोकांनीं ओरड केली व त्याचें स्वागत थंडच झालें. 'हालेलूया' ऐकून दुसरा जॉर्ज राजा उठून उभा राहिला, म्हणून लोक उभे राहतात, ही गोष्ट सर्वत्र सांगतात. तिचा पहिला लेखी उल्लेख मात्र जवळजवळ चाळीस वर्षांनंतरचा आहे. उभें राहण्यास राजाचा दाखला कशाला पाहिजे, असें मला वाटतें.

लंडननें ही रचना जवळ केली ती पुन्हां धर्मकार्याच्याच द्वारें. टॉमस कोरम नांवाच्या एका वृद्ध नावाड्यानें रस्त्यांत टाकलेल्या तान्ह्या मुलांसाठीं अनेक वर्षें खटपट करून १७३९ मध्यें राजाची सनद मिळविली व फाउंडलिंग हॉस्पिटल काढलें. त्याच्या प्रार्थनामंदिरास हँडेलनें ऑर्गन दिला, व १ मे १७५० रोजीं तेथें 'मसीहा' झाला. इतकी गर्दी लोटली कीं, पुष्कळांस परत जावें लागलें, व पंधरा दिवसांत तो पुन्हां करावा लागला. त्यानंतर तो दरवर्षीं होऊं लागला, आणि या प्रयोगांपासून त्या मुलांस एकंदर सुमारें ७,००० पौंड मिळाले.

१७५१ च्या फेब्रुवारींत 'जेफ्था' लिहीत असतां त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टि गेली. त्यानें हस्तलिखितांतच तशी नोंद करून लेखणी खालीं ठेविली; ज्या समूहगीताशीं तो थांबला तें ईश्वराच्या संकल्पांच्या गूढतेविषयीं आहे. वैद्यांनीं शस्त्रें चालविलीं, पण एकदोन वर्षांत तो पूर्ण आंधळा झाला. तरी दुसऱ्यानें हात धरून ऑर्गनापाशीं नेलें म्हणजे तो पूर्वींसारखाच वाजवी. आयुष्यभर अविवाहित, भोजनाचा षोकी, तापट, आणि देण्याघेण्यांत चोख असा हा मनुष्य शेवटीं बराच श्रीमंत झाला होता. गरीब वादक व त्यांचीं कुटुंबें यांच्या साह्यासाठीं काढलेल्या संस्थेस त्यानें मृत्युपत्रानें १,००० पौंड दिले, व 'मसीहा'ची एक संपूर्ण नक्कल, सर्व वाद्यांच्या व आवाजांच्या प्रतींसह, फाउंडलिंगच्या मुलांना दिली.

६ एप्रिल १७५९ रोजीं त्यानें नाटकगृहांत 'मसीहा' शेवटचा ऐकिला. घरीं नेल्यावर तो अंथरुणावरून उठला नाहीं. १४ एप्रिल, ईस्टरच्या आदल्या दिवशीं, सकाळीं त्याचें देहावसान झालें. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याला पुरलें तेव्हां सुमारें तीन हजार लोक जमले होते. फाउंडलिंगच्या मंदिरांतील त्या वर्षाचा 'मसीहा' ३ मे रोजीं व्हावयाचा होता. तो ठरल्या दिवशींच झाला. हँडेलच्या जागीं त्याचा शिष्य जॉन ख्रिस्तोफर स्मिथ बसला, आणि पैसे मुलांना मिळाले.